राघो नावाड्याची साक्ष

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या खालच्या अंगाला खाडी वळण घेते. तिथून पलीकडच्या कोन गावाला उतारू नेणारी नाव राघो आगऱ्याची. त्याच्या आधी बापाची, बापाच्या आधी आजाची. सरकारी लिलावात ठेका कुणीही घेवो, वल्हं याच घरात. ठेकेदार बदलत, नावाडी बदलत नसे.

राघोचा बाप मरताना त्याला एकच गोष्ट सांगून गेला होता. "धक्क्यावर मानूस आला की त्याची जात विचाराची नाय. वजन विचाराचा." राघोनं ते शब्दशः पाळलं. ब्राह्मण आले, कोळी आले, कोनचे मुसलमान भात घेऊन आले, मोहोळं काढणारे कातकरी आले. राघो नुसता माणसाकडे बघायचा आणि म्हणायचा, "तू मागं बस, तू पुढं." नाव कधी कलली नाही.

पण राघोचं नाव होतं ते वल्ह्यापेक्षा जिभेसाठी. एकदा कोनच्या एका भातवाल्याचं आणि कल्याणच्या एका गवळ्याचं वासरावरून भांडण लागलं. वासरू नावेतून कधी आलं, कुणाबरोबर आलं, एवढाच प्रश्न. दोघं तावातावानं धक्क्यावर आले. राघो जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "पोल्याच्या आदल्या दिवशी. याच्याबरोबर." बोट गवळ्याकडे. भातवाला परत गेला. तो मुसलमान, गवळी हिंदू. पण तेव्हा ते कुणाच्या मनातही आलं नव्हतं. राघो बोलला, विषय संपला. पुढे पुढे तर शपथ घ्यायची वेळ आली की लोक म्हणत, "देवाची नको, राघोला विचारू."

राघोला याचा अभिमान होता का? होता. तो तसं दाखवायचा नाही, पण घरी बायकोजवळ बोलायचा. बायको बायजा बाळकुमची, मिठागरावर वाढलेली, हसरी आणि देवभोळी. ती म्हणायची, "तुमच्या तोंडात देव बसलाय म्हनतात लोका. जेवताना जपून चावा." त्यांना एकच मुलगी, रतन. तिचं लग्न कोपरच्या एका चांगल्या घरात ठरलं होतं. मुलगा शेतकऱ्याचा, घरचे बैल, दारात विहीर.

उतारूंमध्ये याकूब मणियार रोजचा. खांद्यावर बांगड्यांची पेटी घेऊन तो पलीकडची दहा-बारा गावं फिरायचा. हातात बांगडी चढवायची तर परक्या बाईचा हात हातात घ्यावा लागतो, आणि तो हात कुठल्याही घरानं याकूबच्या हाती निःशंक दिला होता. बायजाच्या लग्नाचा चुडा त्याच्या बापानं भरला होता. रतन झाली तेव्हा तिच्या मनगटात पहिली काळी कांकणं याकूबनं घातली. बायजाला तो बहीण म्हणायचा आणि तिच्याकडून बांगड्या मोडल्या की ओरडायचा, "अगो, हात हाय का मुसल?" बोली दोघांची एकच होती. डोळे मिटून ऐकलं तर आगरी कोण आणि मणियार कोण, कळलं नसतं.

मग मुंबईत हिंदू-मुसलमानांची ती मोठी दंगल झाली. कल्याणात तेव्हा काही झालं नाही, पण बातम्या आल्या, माणसं आली, पळून आलेली, मार खाल्लेली, दोन्हीकडची. दुसऱ्या वर्षी वातावरण असं झालं की पूर्वी ज्या गोष्टी नुसत्या होत होत्या, त्या आता मुद्दाम होऊ लागल्या. पालखी मशिदीवरून पूर्वीही जायची; वाजंत्री तिथे पोचली की वाजवणारे आपसूक हात हलका करायचे. आता कुणी म्हणू लागलं, जोरात वाजवा. आणि मशिदीच्या गल्लीतून कुणी म्हणू लागलं, वाजवून तर बघा.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पालखी निघायची होती. त्या दिवशी खाडीला ओढ फार होती. वरून पुराचं लाल पाणी येत होतं, त्यात ओहोटी लागलेली. दुपारनंतर राघोनं नाव बांधून ठेवली होती ती कोनच्या काठाला. चार उतारू आले, पाणी बघून परत गेले. मग याकूब धावत आला.

"राघोदादा, मना पलीकडं सोड."

"पानी बघ आधी."

"पानी बघूनच आलो. आज मना घरी पोचलाच पायजे." त्यानं पेटी नावेत ठेवली सुद्धा. "गल्लीतल्या पोरांनी दगड जमवलेत म्हनून आयकला. चार जनांची डोकी फिरलीत. मी असलो तर मना मानतील. ने रे बाबा."

राघोनं नाव सोडली. एरवी पाव घटकेचं अंतर, पण त्या दिवशी धार त्यांना खाली खाली ओढत होती. याकूबनं दुसरं वल्हं धरलं. मध्यावर असताना गावातून ताशांचा आवाज येऊ लागला. याकूब जास्तच जोर लावू लागला. आणि मग ताशे एकदम बंद पडले. संपताना पडतात तसे नाही. मध्येच, हात तोडावा तसे. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. पाठोपाठ आरडाओरडा ऐकू आला, पाण्यावरून येणारा, लांबचा, किंचित उशिरा पोचणारा.

"झाला," याकूब म्हणाला. वल्हं त्याच्या हातातून निसटता निसटता राहिलं.

नाव लागली ती धक्क्याच्या बरीच खाली, चिखलात. याकूब गुडघाभर चिखलातून घराकडे पळाला.

दगडफेकीत सात-आठ जणांना लागलं होतं. सगळ्यांत वाईट लागलं ते श्रीपादला. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, पालखीपुढे झांज वाजवत होता. त्याचा डावा डोळा गेला. श्रीपाद हा हरिहरपंतांचा पुतण्या. हरिहरपंत पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. रोज संध्याकाळी खाडीकाठच्या देवळात पोथी सांगायचे. राघो वल्हं ठेवून पायरीवर बसून ती ऐकायचा. पंतांना मूल नव्हतं. पुतण्याला त्यांनीच वाढवलं होतं.

पोलिसांनी पाच जणांना धरलं. त्यात याकूब होता. श्रीपादनं सांगितलं होतं की मणियाराच्या ओट्यावरून दगड आला, आणि ओट्यावर मणियार उभा होता. तो खोटं बोलत नव्हता. ओट्यावर कुणीतरी होतं, ओटा याकूबचा होता, आणि पुढच्या क्षणाला श्रीपादच्या डोळ्यांत रक्त होतं.

राघोला हे दुसऱ्या दिवशी कळलं. तो तसाच ओल्या पंच्यानं पंतांच्या घरी गेला.

"पंत, याकूब नव्हता. तो माज्या नावेत होता. ताशे बंद पडले तवा आमी मदल्या धारंत होतो."

आतून श्रीपादचं कण्हणं ऐकू येत होतं.

"आणखी कोण होतं नावेत?" त्यांनी विचारलं.

"कोन नाय. मी नि तो."

"मग हे तुला ठाऊक आणि त्याला ठाऊक." पंतांनी उपरणं सारखं केलं. "राघो, मी तुला खोटं बोल असं म्हणत नाही. ते मी कुणालाच म्हणणार नाही. तुला कुणी बोलावलं नाही तर तू जाऊ नकोस, एवढंच. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

राघो पायरीवर उभा होता. त्यानं मान खाली घालून विचारलं, "पंत, तुमीच सांगितला होता ना पोथीत? धर्मराजाचा रथ चार बोटं वर चालायचा. मंग तो एक शब्द हलू बोलला नि रथ खाली आला."

पंतांचा चेहरा पांढरा पडला. "आत एक पोर आंधळं होऊन पडलंय, आणि तू मला पोथी सांगतोस?"

राघो परत आला. घरी बायजानं सगळं ऐकून घेतलं. "याकूबभाऊला सोडवा," ती म्हणाली. "पन जपून." जपून म्हणजे कसं, ते तिलाही सांगता आलं नाही.

धोंडीबा हा जातीचा पाटील. तो राघोचा चुलत मामा लागायचा. तोही आला. त्यानं पोथीबिथी काढली नाही. "सगला गाव एका बाजूला हाय. तू त्यांच्या बाजूनं उभा र्‍हायलास तर आमी तुज्या बाजूनं कसा उभा र्‍हावाचा?"

"मी कोनाच्या बाजूनं नाय. मी नावेत होतो."

"तेच म्हनतोय. नावेत र्‍हा. ठाण्याला जाऊ नको."

खटला ठाण्याला चालला. याकूबच्या वकिलानं राघोला समन्स लावलं. राघो ओहोटीबरोबर आपली लहान होडी घेऊन निघाला तो ठाण्याच्या बंदरात उतरला. कचेरीत त्याला उभं केलं, आणि कारकुनानं म्हणायला लावलं: परमेश्वराला स्मरून खरं सांगेन. राघोच्या आधी एका मुसलमान साक्षीदाराला उभं केलं होतं. त्यालाही कारकुनानं हेच शब्द म्हणायला लावले होते, अक्षर न अक्षर हेच. राघोला ते ऐकून बरं वाटलं होतं. सरकारला सुद्धा ठाऊक आहे, त्याच्या मनात आलं, की ही गोष्ट दोघांची एकच.

त्यानं जे घडलं ते सांगितलं. ओहोटी, लाल पाणी, मधली धार, बंद पडलेले ताशे. मॅजिस्ट्रेट साहेबानं दोनदा विचारलं, त्यानं दोनदा तेच सांगितलं. मग समोरचा सरकारी वकील उठला. तो हुशार होता. याकूब नावेत होता की नाही यावर त्यानं एक शब्दही विचारला नाही.

"इतक्या पाण्यात नाव सोडलीस ती का?"

"त्याला जायाची घाई होती."

"कसली घाई? तो काही बोलला?"

राघो थांबला. पिंजऱ्यात याकूब आणि दुसरे चौघं उभे होते. याकूब त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत एक विनवणी होती ती राघोला अगदी स्पष्ट वाचता आली. नको. गप्प राहा.

हीच विनवणी पंतांनी केली होती. हीच धोंडीबानं. राघोला क्षणभर वाटलं की म्हणावं, आठवत नाही. कोण विचारणार होतं? पण एकदा गप्प बसायचं नाही असं ठरवून तो चार कोस वल्हवत आला होता. आता इथे या प्रश्नापुरतं गप्प बसायचं, तर तो कोण ठरला? मग तो, धोंडीबा म्हणाला तसा, खरंच त्यांच्या बाजूचा माणूस ठरला असता.

"बोलला," राघो म्हणाला. "गल्लीतल्या पोरांनी दगड जमवलेत म्हनून आयकला, म्हनाला. त्यांना थांबवाला चाललोय, म्हनाला."

वकील खाली बसला. त्याला हवं ते मिळालं होतं. दगड आधीपासून जमवलेले. म्हणजे सगळं ठरवून झालेलं. याकूब सुटला. दुसऱ्या चौघांना दीड-दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यातल्या एकानं दगड मारला नव्हता, नुसता उचलला होता, असं पुढे लोक म्हणत. खरं-खोटं कुणाला ठाऊक? राघो तिथे नव्हता, त्यामुळे तो त्याबद्दल काही सांगू शकत नव्हता.

कचेरीच्या बाहेर याकूबनं त्याला गाठलं. सुटका झाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता.

"माजा शब्द तू त्यांना दिलास," तो म्हणाला.

"विचारला त्यांनी."

"हां. विचारला." याकूबनं खांद्यावरचा पंचा झटकला. "आता मी कुठल्या तोंडानं गल्लीत जाऊ, ते बी विचार कोनाला तरी." मग दोन पावलं जाऊन तो वळला. "मना सोडवलास. अल्ला तुजा भला करो." आणि गेला.

राघो कल्याणला परतला. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर नाव लावून बसला. सकाळ गेली, दुपार झाली. माणसं येत, त्याला बघत आणि सावलीत जाऊन बसत. हिंदू येत नव्हते कारण त्यानं मुसलमानाला सोडवलं. मुसलमान येत नव्हते कारण त्यानं चौघांना अडकवलं. आठवडाभर असंच चाललं. ठेकेदार बापडा व्यवहारी माणूस. त्यानं दोन नावा आणल्या. एकीवर धोंडीबाचा भाचा, दुसरीवर कोनचा एक मुसलमान नावाडी. हिंदू एका नावेत, मुसलमान दुसरीत. लोकांना ते इतकं सोयीचं वाटलं की महिन्याभरात असं वाटू लागलं जणू पूर्वीपासून दोनच नावा होत्या.

दोन्हीकडचे लोक चांगलेच होते. हे राघोला सगळ्यांत जास्त खुपायचं. त्याला कुणी मारलं नाही, घर जाळलं नाही. पंत अजूनही पोथीत सांगायचे की सत्यासारखा धर्म नाही. शुक्रवारी मशिदीत जे सांगत तेही वेगळं नसणार. याकूबकडूनच त्यानं कितीदा ऐकलं होतं की खोटी साक्ष देणाऱ्याला अल्ला माफ करत नाही. दोघांची शिकवण एक, आणि राघोवरचा राग मात्र प्रत्येकाचा वेगळा. त्याला शिवी देताना सुद्धा ते एकत्र यायला तयार नव्हते.

धोंडीबानं जातपंचायत बसवली. "चार मानसांत म्हन की माज्या दिसन्यात चूक झाली," तो म्हणाला. आवाजात दया होती. "येवढाच म्हन. कोन कोर्टात जात नाय. आपल्या घरातली गोष्ट. म्हन नि मोकला हो."

"चूक नाय झाली, मामा."

"मना ठाव हाय रे नाय झाली!" धोंडीबा कळवळून ओरडला. "इथं बसलेल्या सगल्यांना ठाव हाय. म्हनूनच म्हनतोय ना, म्हन!"

राघोनं म्हटलं नाही. त्याला वाळीत टाकलं. कोपरच्या घरानं रतनचं लग्न मोडलं. निरोप घेऊन आलेला माणूस दारातच उभा राहिला, पाणी सुद्धा घेतलं नाही. रतन आत जाऊन तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत.

खरा मार बायजाला बसला. राघो होडी घेऊन मासे मारायला जाई, पाण्यावर एकटा असे. बायजाला विहिरीवर जावं लागे. ती आली की बाकीच्या बायका कळशा उचलून बाजूला होत. कुणी टाकून बोलत नसे. नुसत्या बाजूला होत, आणि ती पाणी भरून गेली की पुन्हा जवळ येत. हळदीकुंकू बंद, बाळंतिणीला बघायला जाणं बंद, नागपंचमीचा फेर बंद. हसणाऱ्या बायकोचं हसू कधी गेलं ते राघोला कळलंही नाही. एक दिवस तिनं न रागावता म्हटलं, "तुमचा खरा माज्या अंगावर आला."

राघो जाळं उचलून खाडीकडे गेला.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिला तापानं धरलं. बारा दिवस ताप उतरला नाही. शेवटच्या दिवशी ती शुद्धीवर होती. राघोचा हात धरून म्हणाली, "मना आपल्या मानसांनी न्यावा. येवढा करा. हात जोडा, पाया पडा, पन आपल्या मानसांनी न्यावा." राघो हो म्हणाला. सूर्य वर यायच्या सुमाराला ती गेली.

तो धोंडीबाच्या दारात गेला आणि खरंच पाया पडला. धोंडीबा रडला. म्हणाला, "कसा येऊ? मी आलो तर उद्या मना कोन नेनार?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगतो. त्यांच्यातला कोन आला तर तिरडीला खांदा लावू देऊ नको. पोरीचा बघाचा हाय तुना. आज ना उद्या मी जातीला समजावीन. पन त्यांनी ताटी उचलली, तर मंग काय नाय."

राघो घरी आला तेव्हा अंगणात याकूब उभा होता. वर्षभरात तो म्हातारा झाला होता. गल्लीत त्याच्याशी कुणी बोलत नाही, असं राघोनं ऐकलं होतं. त्याच्या बरोबर तिघं होते. त्यातल्या एकाला राघोनं ओळखलं. तो सजा झालेल्या त्या चौघांपैकी होता. आजारी पडला म्हणून लवकर सोडलेला. हाडं राहिली होती नुसती.

"मी आनला त्याला," याकूब म्हणाला. "त्याला म्हटला, ती माजी बहीन. तो म्हनाला, चल. चौघं झालो, राघोदादा. पुरे हाव." त्याच्या हातात फडक्यात बांधलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. सवाष्ण गेली होती. तिला हिरवा चुडा हवा, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

राघोनं बांगड्या घेतल्या आणि रतनच्या हाती दिल्या. रतन आत गेली. मग राघो तसाच उभा राहिला, दाराच्या मधोमध, दोन्ही हात चौकटीला लावून.

याकूबला समजायला थोडा वेळ लागला.

"खांदा नको?" त्यानं विचारलं.

राघो खाली बघत होता.

"बांगडी चालते, खांदा नाय चालत?" याकूबचा आवाज चढला नाही, उलट बसला. "आमचा खांदा बाटवतो काय रे तिला?"

"तसा नाय."

"मंग कसा? साहेबासमोर सगला बोललास. माज्या पोटातला सुद्दा काढून दिलास. आज येवढा बोलता येत नाय?"

राघोला बोलता आलं नाही. बायजाचा शब्द होता, पोरीचा प्रश्न होता, हे सगळं खरं होतं. पण त्याच्या खाली आणखी काही होतं का? त्या माणसांचे हात ताटीला लागतील या कल्पनेनं आपल्याच अंगावर जो काटा आला, तो कुणाचा होता? धोंडीबाचा की आपला? इतकी वर्षं त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं, कारण नावेत बसलेल्या माणसाला शिवावं लागत नाही.

तुरुंगातून आलेला माणूस पहिला वळला. मग दुसरे दोघं. याकूब शेवटी. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

राघोनं आणि रतननं बायजाला होडीत ठेवलं. बाईमाणसानं मसणात जाऊ नये म्हणतात, पण दुसरं कोण होतं? घरातलं सरपण त्यानं दोन खेपांत आधीच खाली नेऊन टाकलं होतं. दुपार झाली होती, ओहोटी होती. देवळाखालून होडी चालली तेव्हा पंत घाटावर होते. होडीत काय आहे ते बघून ते उभे राहिले, आणि त्यांनी हात जोडले. त्यांच्या मागे, एका हातानं भिंत चाचपत, श्रीपाद पायऱ्या उतरत होता. दुसऱ्या डोळ्यानंही त्याला आता कमी दिसू लागलं होतं, असं लोक म्हणत. पंत एक पायरी खाली उतरले. पाणी तिथून दोन हातांवर होतं. ते तिथेच थांबले, आणि होडी पुढे गेली.

धोंडीबानं जातीला समजावलं नाही. समजावलं असेल तर जातीनं ऐकलं नाही. रतनला राघोनं शहापूरकडच्या एका बिजवराला दिली, ज्याला कल्याणची हकिगत ठाऊक नव्हती. याकूब पेटी उचलून भिवंडीला गेला. कुणी म्हणत तो तिथे बरा आहे, कुणी म्हणत नाही. राघोनं चौकशी केली नाही. चौकशी करायला कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

राघो होडी विकून सासुरवाडीला, बाळकुमला गेला. मिठागरावर मजुरीला लागला. पन्नाशीच्या माणसाला ते काम जड होतं. मीठ पायांना खातं, भेगा पडतात, त्या भरत नाहीत. पण तिथे कुणी त्याला काही विचारत नव्हतं. आधी तो कोण होता, हे तिथल्या चार-दोन म्हाताऱ्यांनाच ठाऊक होतं, आणि त्यांनीही विषय काढला नाही.

मिठागरावर हिंदू मजूर होते, तसे जवळच्या पाड्यातले ख्रिस्ती मजूरही होते. पाण्याची मडकी वेगळी. एके दिवशी रणरणत्या उन्हात ख्रिस्त्यांचं मडकं फुटलं. एक पोटुशी बाई हिंदूंच्या मडक्यापाशी गेली आणि तिनं ओंजळ भरून घेतली. मुकादमानं तिला दांडक्यानं मारलं. ती बांधावरून खाली, कोरड्या खाचरात पडली. राघो दहा पावलांवर मीठ ओढत होता.

संध्याकाळी हवालदार आला. बाईचा नवरा त्याच्या मागे उभा होता. मुकादम सांगत होता की बाई उन्हानं भोवळ येऊन पडली. हवालदारानं एकेकाला विचारलं. कुणी पाठमोरं होतं, कुणी लांब होतं. राघोची पाळी आली.

बाईचा नवरा राघोकडे बघत होता.

"मना दिसला नाय," राघो म्हणाला.

हवालदारानं मान हलवली आणि पुढच्याला विचारलं. कुणी राघोला दोष दिला नाही. मुकादमानं दुसऱ्या दिवशी त्याला हलक्या कामावर लावलं. तेही त्यानं मुकाट्यानं केलं. बाई वाचली, पोट वाचलं नाही, असं चार दिवसांनी कळलं.

त्या उन्हाळ्यात रतन भेटायला आली होती. झोपडीच्या दारात बसून भाकरी करत होती. ही गोष्ट तिच्या कानावर आली होती. भाकरी उलटताना तिनं वर न बघता विचारलं, "बाबा, तुमाला खरंच दिसला नाय?"

राघो पायांच्या भेगांना तेल लावत होता.

"दिसला," तो म्हणाला. "सगला दिसला."

रतननं त्याच्याकडे बघितलं. ती रागावेल, निदान विचारेल, असं त्याला वाटलं होतं. तिच्या तोंडावर सुटकेचा भाव आला. क्षणभरच आला, आणि तिनं लगेच तोंड चुलीकडे वळवलं. पण राघोला तो दिसला.

"बरा केलात," ती म्हणाली आणि भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली. "जेवा. थंड होतेय."